पाहुणे आचारी घेऊन आले

बाजार नुकताच खुला होऊ लागला होता. नव्वदच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. 'मोठ्या भांडवलापुढे झुकू नका,' अशी छोट्या व्यावसायिकांपुढे मी गावोगाव भाषणं ठोकत होतो. काशीच्या मराठी मंडळींनी गणेशोत्सवात बोलावलं आणि मी महानगरी एक्सप्रेसमध्ये बसलो.

गोदौलियापर्यंत सायकलरिक्षा मिळते, पुढे गल्ल्यांतून पायीच. सामान कमी न्या. मी दूधविनायक मोहल्ल्यात कुसुमकाकूंकडे उतरलो. मराठी यात्रेकरूंसाठी त्यांची खानावळ होती. साधं, गरम, स्वस्त जेवण. पंचगंगा घाटावर गेलो तर गंगा फुगलेली, होड्या बंद. काकू दर तासाला मुलाला विचारत, "माधव, पाणी कुठवर आलं?"

माझं भाषण जोरात झालं. परतताना काकू म्हणाल्या, "भाऊ, कधी कर्फ्यू, कधी पूर, कधी सिलिंडर गायब. कशाची भीती धरायची तेच कळत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांचा नेहमीचा पुण्याच्या यात्रेकरूंचा ग्रुप येणार होता. पहाटेपासून पुरण शिजत होतं. माणसं आली, मागोमाग हातगाडीवर भल्यामोठ्या शेगड्या आणि एक आचारी.

"काकू, यंदापासून स्वयंपाक आमचा," ग्रुपचा मॅनेजर हसत म्हणाला. "तुम्ही किचन भाड्यानं द्या. नाहीतर धर्मशाळा बघतो."

"आई, हाँ बोल दे ना! भाडा तर येईल," माधव कुजबुजला.

"आणि पुढच्या साली भाडाही नको म्हणाला, तर?" काकू माझ्याकडे वळल्या. "काल लई बोललात भाऊ. आता बोला."

मोठ्या भांडवलाचा एक धंदा बुडाला तरी दुसरा असतो. काकूंकडे एकच स्वयंपाकघर होतं. ते हातचं गेलं की त्या आपल्याच घरात परक्या झाल्या असत्या. "नाही म्हणा," मी म्हणालो. म्हणालो खरा, पण भोगायचं त्यांना होतं.

काकूंनी पदर खोचला. "माझ्या चुलीवर दुसऱ्याचं पातेलं चढणार नाही."

ग्रुप गेला. मांडलेल्या पानांवर त्या दुपारी आम्ही तिघंच जेवलो.

निघताना काकूंनी उरलेल्या पोळ्या माझ्याबरोबर दिल्या. गाडीत मी त्या सगळ्या डब्यात वाटल्या आणि सभेत बोलावं तशा आवाजात खानावळीचा रस्ता सांगितला: कोणती गल्ली, कुठे वळायचं, कोणतं दार. लोकांनी बोटं चाटली, माना डोलावल्या. पत्ता एकानेही लिहून घेतला नाही.

घरी बायकोनं विचारलं, "काकू बऱ्या आहेत ना?"

"आहेत," म्हणालो. मग एक कागद घेतला आणि खानावळीचा पत्ता मीच लिहून ठेवला.