दारात उभी राहिलेली हेराची बायको

मंडळी, आज आईचा जाम अभिमान वाटतोय!

सत्तरच्या दशकातल्या गुप्तहेरांवरच्या मालिकेत तिनं हेराच्या बायकोचं छोटंसं काम केलंय. नवरा मोहिमेवर निघतो, तेव्हा दिग्दर्शकाला तिचं रडणं हवं होतं. आई म्हणाली, "ती रडणार नाही. फक्त विचारेल, ‘जेवायला याल ना?’" त्यानं तसंच घेतलं.

काल तो भाग लागला. आज सकाळीच मुलुंडच्या आमच्या घरी शेजारच्या देसाईकाकू आल्या. काका गुप्तचर खात्यात होते, हे आम्हाला ते गेल्यावर कळलं होतं.

काकूंनी आईचे हात धरले. "अगं, मी अश्शीच उभी राहायचे दारात. मी रडले असते, तर त्यांचा पाय निघाला नसता."

आणि मग काकू मनसोक्त रडल्या.

आईला याहून मोठं बक्षीस कोण देणार, सांगा?