गाजरबाईंच्या वहीतला शेवटचा रकाना

मी शिक्षिका होते त्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना मुलं गाजरबाई म्हणत. भेटेल त्याला ‘गाजर खाल्लंस का रे?’ असं विचारायच्या, म्हणून. त्यांना ते ठाऊक होतं. ‘मुळा म्हणत नाहीत हे नशीब,’ म्हणायच्या.

निवृत्तीला दोन महिने उरले असताना त्यांनी ‘माझं ताट’ हा प्रकल्प आखला. मुलांनी आठ दिवस आपलं खाणं, पाणी, झोप वहीत लिहायची. शेवटचा रकाना, ‘जेवताना सोबत कोण?’ एकटं जेवणारं मूल कमी खातं, असं त्यांचं म्हणणं. तपासणीच्या साहेबांना पटलं, तर ही वही सगळ्या शाळांत जाणार होती. ‘नाहीतर छत्तीस वर्षांचं माझ्यामागे राहणार काय?’ असं एकदाच म्हणाल्या.

नमुन्याचं पान त्यांनी स्वतःच भरलं. खोटं लिहायला जमेना, म्हणून आपलंच खाणं लिहिलं. शिपाईमामांनी त्याच्या चाळीस प्रती काढून वाटल्या.

साहेब आले, वह्या उघडल्या. पोरांनी नमुना जसाच्या तसा उतरवला होता! चाळीस घरांत आठही रात्री दूध-ब्रेड. सोबत, ‘कोणी नाही’.

‘काय हो बाई, सगळ्या आया संपावर गेल्यात का?’ साहेब म्हणाले. मुख्याध्यापक हसले. खोटं कशाला बोलू, मीही हसले.

बाईंनी पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, ‘अगं, तुझी आजी भरवते ना तुला अजून?’

‘हो. पण तुमचं उत्तर बरोबर असतं ना, बाई!’

साहेबांनी नमुन्याचं पान उचललं. अक्षर बाईंचं. साहेबांचं हसू ओसरलं.

‘आठही दिवस?’

‘उदाहरण आहे, साहेब.’

बाईंना खोटं बोलताना मी तेवढंच एकदा ऐकलं.

प्रकल्प मंजूर झाला. अटी दोनच, नमुना कोरा ठेवायचा आणि शेवटचा रकाना काढायचा. बाईंनी पट्टी लावून, सरळ रेघ मारून तो खोडला.

छापील वही आली तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या. एका संध्याकाळी ती द्यायला मी त्यांच्या घरी गेले. टेबलाशी एकच खुर्ची. वही त्यांनी दोनदा चाळली, छातीशी धरली. ओट्यावर दूध तापत होतं.

‘बस म्हणाले असते गं,’ त्या म्हणाल्या, ‘पण घरी तुझी वाट बघत असतील.’

मी निघाले. रोज देवापुढे हात जोडताना ती खुर्ची आठवते. दुसरी मला आतून ओढून आणता आली असती.