उणे आठातलं मटण

जानेवारीतल्या त्या शनिवारी बाहेर उणे आठ होतं आणि मी आनंदाने नुसती नाचत होते. आमच्या मागच्या अंगणात, गुडघाभर बर्फात, माझा स्मोकर उभा होता. पत्र्याचं काळं उभं पिंप, आणि त्याच्या पोटात कोकराची अख्खी मांडी. उन्हाळ्यात काय, कुणीही पेटवेल. न्युरेम्बर्गच्या हिवाळ्यात पेटवून दाखवा, असं मी नवऱ्याला आठवडाभर ऐकवत होते. त्यावर त्याचं म्हणणं एवढंच, की मटणच खायचं तर घरात कुकर आहे. या माणसाशी मी लग्न कसं केलं, हे मला अधूनमधून खरंच कळत नाही.

धुरावरचं मटण म्हणजे सगळा धीराचा मामला. तळाशी कोळसा, त्यावर बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचे ठोकळे, वर जाळीवर मांस. जाळ अजिबात नको, नुसती धग आणि धूर, तेही दिवसभर. झाकणावरच्या तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवायचं आणि झाकण उघडायचा मोह आवरायचा. थंडीत पत्रा धग धरून ठेवत नाही, कोळसा दुप्पट लागतो. वारा अडवायला मी बागेतल्या खुर्च्या रांगेत मांडून त्यांना फळ्या टेकवल्या होत्या. शेजारचे आजोबा समोरचा बर्फ ओढता ओढता थांबले, कुंपणावरून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि मान हलवून निघून गेले. मला तर त्याने आणखीच चेव आला.

खरं तर हा सगळा घाट सासूबाईंसाठी होता. त्या साताऱ्याच्या, मटणाच्या जबर शौकीन. दिवाळीनंतर आमच्याकडे आल्या होत्या, मार्चपर्यंत राहणार होत्या. पण थंडी सुरू झाली तशा त्या मिटतच गेल्या. दिवसभर हायत्सुंगला, म्हणजे खिडकीखालच्या हीटरला, पाठ लावून खिडकीत बसायच्या. कामाला हात लावायला आल्या की आम्ही दोघंही त्यांना बसवायचो. एकदा त्यांनी कचरा चुकीच्या पिशवीत टाकला, तर त्यांची पाठ वळल्यावर नवऱ्याने तो गुपचूप उचलून बरोबर जागी ठेवला. त्यांना काही वाटू नये म्हणून. त्यांनी ते खिडकीच्या काचेत पाहिलं होतं, हे मला दिसलं होतं. आणि त्या आठवड्यात त्यांनी मुलाला सांगून टाकलं, की माझं तिकीट अलीकडचं बघ, मला जायचंय. सोमवारी तो तिकीट बदलणार होता.

मला त्या जायला नको होत्या. सासू गेली म्हणजे सुटले, असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, पण मला या बाई आवडतात. त्या असल्या की घरात कुणीतरी माझ्यासारखं चवीने खाणारं असतं. धुरावरच्या मटणाने माणूस थांबतो का, हा प्रश्न कुणी विचारलाच असता तर मी ठणकावून हो म्हटलं असतं. इतका माझा त्या पिंपावर विश्वास होता.

दुपारी कोळसा संपत आला. नवरा सोफ्यावर पांघरूण घेऊन घोरत होता, म्हणून मीच बाउमार्क्टला, घरदुरुस्तीच्या सामानाच्या मोठ्या दुकानात, पळाले. हिवाळ्यात तिथे दर्शनी भागात नुसती बर्फावर टाकायची मिठाची पोती. कोळसा कुठल्याशा मागच्या फडताळावर टाकलेला, तो शोधण्यात बराच वेळ गेला. खोकं घेऊन धापा टाकत परसात आले तर काय, धूर नाही. सासूबाई नवऱ्याचं जाकीट, कानटोपी आणि त्याचेच बूट घालून, नऊवारीचा ओचा वर खोचून, पिंपाशेजारी उभ्या. चेहरा खुललेला. आणि पिंपाच्या चपट्या झाकणावर, बरोबर धूर जायच्या भोकांवर, स्टीलचं ताट. ताटात पाणी.

मटणाच्या पातेल्यावर पाण्याचं ताट ठेवायचं, वाफ आत राहते आणि तेच गरम पाणी रश्श्याला होतं, हे मीही माझ्या आईकडून शिकले होते. सासूबाईंनी खिडकीतून पाहिलं, इतका स्वाद हवेत चाललाय आणि कुणाचं लक्ष नाही. त्यांनी आयुष्यभर केलं तेच केलं. पण भोकं बुजली, आतला विस्तव गुदमरला. काटा पार खाली आला होता.

माझा संताप माझ्या आधी धावतो. "अहो आई, काय केलंत हे! विचारायचं तरी! मारलात ना विस्तव!" मी परसभर ऐकू जाईल अशी ओरडले. त्यांनी ताट उचलून घेतलं आणि तशाच उभ्या राहिल्या. वाईट वाटायला मला सवड नव्हती, उणे आठात मटण अर्धवट पडलं होतं. नव्या कोळशाच्या खोक्याचा पुठ्ठा टर्रकन फाडला आणि त्यांच्या हातात कोंबला. खालचं दार उघडलंय, तिथे वारा घाला, थांबू नका, असं फर्मावलं आणि मी राख उपसायला बसले.

त्यांनी जो वारा घातला! राख माझ्या तोंडावर, बर्फावर, शेजाऱ्यांच्या कुंपणावर. एक निखारा लाल झाला, मग दुसरा. "आता हळू," मी म्हटलं. "मला नको शिकवूस," त्या म्हणाल्या आणि जोरातच घालत राहिल्या. मग मीही भांडले. नवा कोळसा किती टाकायचा यावर भांडलो, लाकूड कधी टाकायचं यावर भांडलो. काटा चढू लागला तेव्हा आम्ही दोघी काजळी माखलेल्या तोंडाने एकमेकींकडे पाहून हसत सुटलो. मला इतका आनंद झाला होता, की थंडी वाजायची राहूनच गेली.

जेवायला बराच उशीर झाला. मांस हाडावरून आपसूक सुटत होतं, वर काळी खरपूस साल, आत गुलाबी. नवऱ्याने तीनदा वाढून घेतलं आणि कुकरचं नाव काढलं नाही. सासूबाईंनी हाड चोखून चोखून पांढरं केलं, पण मटण कसं झालंय ते बोलल्या नाहीत. मला आता माझं ओरडणं टोचायला लागलं होतं. सोमवारी त्या काय सांगणार, ते मला दिसत होतं.

रविवारी सकाळी मी चहा घेऊन त्यांच्या खोलीपाशी गेले, माफी मागायचीच असं ठरवून. दार लोटलेलं होतं. आत त्या साताऱ्याच्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या, खणखणीत आवाजात.

"तिकीट कुठलं आता? शनिवारी धुरावर कोंबडी लावायचीय आम्हाला. आणि ऐक तर, काल सुनेनं काय झापलं मला! चांगलं परसात उभं करून, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल असं." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "अगं, पाहुणीला कुणी असं झापतं का?"