विलायती मिलिटरी ट्रकची किंमत

आमच्या घरच्या नाताळच्या गोठ्यात, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यात, तीन राजे उंटावरून येत नसत, मिलिटरीच्या ट्रकमधून येत. एकुलत्या एका उंटाचा पाय मी दुसरीत असताना मोडला, तेव्हापासून ही सोय. होळी गावातल्या आमच्या घरी गोठा बघायला येणारे शेजारी आधी क्रूसाची खूण करत आणि मग ट्रककडे बघून हसत. मला त्या हसण्याचा भयंकर राग यायचा. तो ट्रक साधासुधा नव्हता. गोदीत कारकुनी करणाऱ्या बाबांनी तो इंग्रजी बोटीवरच्या खलाशाकडून विकत घेतला होता. अस्सल विलायती!

आणि तो माझ्या हट्टापायी घेतला होता. शेजारच्या मुलाला कुवेतच्या मामाने मोटार पाठवली, तेव्हा मलाही विलायतीच गाडी पाहिजे म्हणून मी दोन दिवस जेवलो नव्हतो. बाबांनी कबूल केलं आणि आठवड्याने ट्रक आणला, पण त्यात आईच्या नाताळच्या लुगड्याचे पैसे गेले. आईने ते कधी कुणाला विसरू दिलं नाही. दरवर्षी गोठा मांडला की येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची, "बघा, माझं लाल लुगडं ह्या गाडीत बसून गेलं!" बाबा मुकाट्याने पेंढा पसरत राहायचे. लोक हसायचे, मला मात्र ते वाक्य बोचायचं. मी शिक्षक झालो, एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतला, बाबा गेले, मी निवृत्त झालो, तरी ते वाक्य काही निवृत्त होईना.

यंदा मी ठरवलं की ट्रक विकायचा आणि त्या पैशांतून आईला भारीतलं लुगडं घ्यायचं. जुन्या विलायती खेळण्यांना हौशी लोक वाट्टेल ती किंमत देतात, असं मोबाइलवर वाचलं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईचं एक गाऱ्हाणं तरी आपल्या हातून मिटावं, एवढीच इच्छा होती.

आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये एक निवृत्त इंजिनियर राहतात, मूळचे साताऱ्याकडचे. फ्लॅटच्या दोन बेडरूमपैकी एक त्यांनी जुन्या खेळण्यातल्या गाड्यांना दिली आहे आणि त्यापायी बायकोची बोलणी ते रोज खातात. त्यांनी ट्रक हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "रंग कोणी दिला?"

"बाबांनी. दर डिसेंबरात. खिडक्यांना लावून उरलेला ऑइल पेंट. बाबा गेल्यापासून मी देतो."

"दरवर्षी?"

"गोठ्यात सगळं नवं दिसायला हवं ना. मेंढ्यांनासुद्धा चुना लावतो आम्ही."

त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो सर, जुन्या खेळण्याला रंग लावायचा नसतो! मूळ रंगालाच तर किंमत असते. पन्नास डिसेंबर म्हणजे पन्नास थर. हा ट्रक आहे की कांदा?"

मी ओशाळलो. मग त्यांनी खिशातून चुंबक काढलं. अशी विलायती खेळणी जस्ताची, ओतीव असतात, त्यांना चुंबक चिकटत नाही, असं त्यांनी सांगितलं आणि तेवढ्यात ते टपकन चिकटलं. मिलिटरीवाल्यांचं लोखंडी असेल, असं मी म्हणून पाहिलं. गृहपाठ घरी विसरलो म्हणणाऱ्या पोराकडे मी जसा बघायचो, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कंपनीचं नाव पोटाखाली असतं. बघू या," असं म्हणून ते थिनरमध्ये बुडवलेल्या कापसाने ट्रकचं पोट घासू लागले. हिरवा निघाला, मग निळा, मग चॉकलेटी. कुठल्या वर्षी खिडक्यांना कुठला रंग होता ते मला धडाधड आठवत होतं. शेवटी पत्रा उघडा पडला. त्यावर नारळाचं झाड होतं आणि खाली ठसठशीत मराठीत 'शुद्ध खोबरेल'.

"इंग्रजांच्या मिलिटरीत लावत असतील डोक्याला," ते म्हणाले. मला हसू आलं नाही. मग तेही गंभीर झाले. चपलेच्या तळव्यातून कापलेली चाकं त्यांनी फिरवून पाहिली, कडांवरून बोट फिरवलं. "बाजारात याची किंमत शून्य. पण हात बघा करणाऱ्याचा. एकूण एक कड आत मुडपलीय, पोराचं बोट कापू नये म्हणून."

माझं लक्षच नव्हतं. बाबांना त्या खलाशाने गंडवलं होतं! खोबरेलाचा डबा विलायती म्हणून गळ्यात मारला, त्यात आईचं लुगडं गेलं आणि वर बाबांनी जन्मभर टोमणे ऐकले. रिक्षात बसून होळीला जाताना त्या खलाशाला मी मनातल्या मनात शिव्या देत होतो.

आई अंगणात अळूच्या जुड्या बांधत होती. मी सगळं सांगितलं. ती हसायला लागली ती थांबेचना. तिची बोली आमच्या गावची. इथे सोपी करून लिहितो.

"कसला खलाशी? तुझ्या बाबांनीच केली ती गाडी. आठ दिवस मागच्या पडवीत बसून. डबा माझा, चप्पल त्यांची."

"मग लुगड्याचे पैसे?"

"कसले पैसे? पगार दोन महिने अडकलेला. त्या वर्षी ना गाडीला पैसे होते ना लुगड्याला. आणि तू जेवत नव्हतास."

"मग इतकी वर्षं ओरडत का होतीस?"

"फुकटची गाडी तुला विलायती वाटली असती? माझं लुगडं गेलं म्हटल्यावर उशाशी घेऊन झोपायला लागलास."

दर डिसेंबरातला तो रंग कशासाठी होता, ते माझ्या डोक्यात आत्ता शिरलं. मला राग आला. बाबा असताना मला हे कळलं असतं तर त्यांना मी काहीतरी म्हटलं असतं. निदान छान झालाय, एवढं तरी. "बाबा गेल्यावर तरी सांगायचंस!" मी म्हणालो.

आईने जुडीला गाठ मारली.

"पाडायचा होता का भाव, त्यांच्या गाडीचा?"