अण्णांची नाणी आणि मी दिलेल्या पेट्या

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. मीनाजवळसुद्धा नाही — मीना माझी बायको, आणि माझ्या पोटात काही राहत नाही असा तिचा ठाम समज आहे. तो समज मी राहू दिला. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही अण्णांना पाहिलेलं नाही, वसंतला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ उचलणार नाही.

अण्णा म्हणजे माझे सासरे. जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, ठाण्याला वर्तकनगरमधल्या चाळवजा इमारतीत दोन खोल्यांत राहायचे. नोकरीत गावोगाव फिरताना त्यांनी जुनी नाणी जमवली होती. बहुतेक तांब्याची — शिवराई, ढब्बू पैसे, कंपनी सरकारचे पाव आणे. वाण्याच्या गल्ल्यातून, भांडीवाल्याच्या मोडीतून, कुठे कुणा म्हातारीच्या गाठोड्यातून आलेली. प्रत्येक नाणं कागदाच्या पुडीत आणि सगळ्या पुड्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत.

मला नाण्यांची आवड नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही असं समजायला नको की मला ती हवी होती. नाणी नको होती मला. मग काय हवं होतं? तेच तर सांगायचंय, आणि तिथेच अडतंय.

मी मोठा जावई. रीतसर बघून, पत्रिका जुळवून केलेला. डोंबिवलीला एमआयडीसीत प्लास्टिकच्या कारखान्यात सुपरवायझर होतो — पासाची पाकिटं, रेनकोट, वह्यांची कव्हरं असला मऊ प्लास्टिकचा माल आम्ही काढायचो. घरी गेलो की अण्णा उठून उभे राहायचे. "या अरविंदराव, बसा." चहा, पोहे, कारखान्याची चौकशी. मान भरपूर. पाच-सहा वर्षं मला वाटत होतं, याहून जास्त सासऱ्याकडून काय मिळतं माणसाला?

मग सुनंदाने वसंतशी लग्न केलं. सुनंदा मीनाची धाकटी बहीण. वसंत ठाण्याच्या खाडीकाठचा, कोळ्याच्या घरातला, शाळेत चित्रकला शिकवणारा. सुनंदाने त्याला स्वतः निवडला आणि लग्न करूनच घरी सांगितलं. अण्णा वर्षभर तिच्याशी बोलले नाहीत. त्या वर्षात मी मध्यस्थ होतो — निरोप न्यायचो, समजूत घालायचो. दोन्हीकडून माझं कौतुक व्हायचं. फार सुखाचं वर्ष होतं ते माझं. असं म्हणायला लाज वाटते — पण होतं.

एक दिवस वसंत आपणहून वर्तकनगरला गेला. त्याच्या आजीच्या पेटाऱ्यात एक काळं पडलेलं नाणं सापडलं होतं, ते घेऊन. "हे काय आहे ते फक्त सांगा, मी लगेच जातो," एवढंच तो दारात म्हणाला म्हणे. अण्णांनी भिंग काढलं. शिवराई होती, अक्षरं शाबूत असलेली. तो दुपारी गेला आणि रात्रीचं जेवून, नाणं अण्णांकडेच ठेवून निघाला.

पुढच्या महिन्यात आम्ही गेलो तेव्हा वसंत जमिनीवर मांडी घालून बसला होता, समोर डबे उघडे, आणि अण्णा त्याला म्हणत होते, "अरे, असं नाही धरायचं, कडेने धर. किती वेळा सांगू तुला?"

अरे. धर. तुला.

मी चपला काढत होतो, तसाच थांबलो. मला त्यांनी कधी अरे म्हटलं नव्हतं. मी आत गेलो, अण्णा उठून उभे राहिले. "या अरविंदराव, बसा." आणि मला खुर्ची दिली. तुम्हीच सांगा — खुर्ची मिळाली म्हणून कुणाचं पोट दुखतं का? माझं दुखलं. ते दोघं खाली, डोकी जवळ आणून एका काळ्या चकतीवर वाकलेले, आणि मी खुर्चीवर. पाहुणा.

तेव्हापासून मी जळायला लागलो. वसंत वाईट असता तर सोपं गेलं असतं. तो नाण्यांची पेन्सिलने चित्रं काढायचा, अण्णांचे त्याच त्याच खेड्यांचे किस्से पुन्हा पुन्हा ऐकायचा, आणि त्याला ते खरोखर आवडायचं. ढोंग असतं तर मी पकडलं असतं. फार शोधलं मी ते.

मग मला पेट्यांची कल्पना सुचली. कारखान्यातून मी खास करून घेतल्या. बाहेर टणक प्लास्टिकची चपटी पेटी, आत पारदर्शक मऊ प्लास्टिकची पानं आणि पानांवर एकेका नाण्याचे कप्पे. अण्णांना नाणी बाहेर न काढता दोन्ही बाजूंनी दिसतील अशी सोय. त्या दिवशी अण्णा माझ्यावर खूष झाले. एकेक पुडी सोडवून त्यांनी सगळी नाणी माझ्या पेट्यांत भरली. वसंत मदतीला होताच, पण त्या दिवशी मालक मी होतो. शेजारच्यांना बोलावून दाखवलं अण्णांनी. "आमच्या अरविंदरावांनी करून आणल्या."

इथपर्यंत माझा काही दोष नाही. मला काही ठाऊक नव्हतं. लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं नीट कळेल.

वर्षभराने कारखान्यात एका गिऱ्हाइकाचा माल परत आला. पितळेचे बिल्ले ठेवायची पाकिटं आम्ही पुरवली होती. बिल्ले हिरवे पडले होते, पाकिटं आतून चिकट. लॅबमध्ये नाडकर्णीबाई होत्या, त्यांनी बघताक्षणी सांगितलं की प्लास्टिक मऊ राहावं म्हणून जे तेल घालतात ते हळूहळू बाहेर सुटतं, आणि प्लास्टिकचंच विघटन होत जाऊन त्यातून आम्ल निघतं. उन्हाळ्यात जास्तच. तांब्या-पितळेला ते खातं. मी विचारलं, किती दिवसांत? त्या म्हणाल्या, दोन-तीन वर्षं, फार तर पाच. धातू ठेवायचा असेल तर साधी कागदाची पुडी बरी.

माझ्या डोळ्यांसमोर अण्णांच्या पेट्या आल्या. मी घाबरलो, खरंच घाबरलो. येत्या रविवारी जाऊन सगळी नाणी बाहेर काढायची, असं मनाशी पक्कं केलं. एकच वर्ष झालं होतं, अजून काही बिघडलं नसणार. रविवारी मी ते सांगायलाच गेलेलो.

जेवणं झाली आणि माझ्याआधी अण्णाच बोलले. म्हणाले, माझं वय झालं, नाणी आता वसंतकडे राहू देत. त्याला त्यांच्याविषयी प्रेम आहे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अरविंदराव, तुम्हाला वाईट नाही ना वाटणार? तुम्हाला कुठे सवड असते म्हणा."

मी म्हटलं, छे छे. वसंतचा आनंदलेला चेहरा मला बघवत नव्हता, डोळ्यांत पाणी आलेलं त्याच्या. अण्णांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. आणि माझ्या तोंडाशी आलेलं वाक्य — पेट्या बदला, हे एवढंसं वाक्य — मी गिळून टाकलं.

पुढच्या रविवारी सांगू, असं म्हटलं का मी स्वतःशी? म्हटलं असेन. तेही खोटंच होतं.

तेवढ्यावर राहिलं असतं तरी एक वेळ म्हटलं असतं, माणूस गप्प बसला. पण पेट्या पिशवीत घालून वसंत माझ्याबरोबर बस स्टॉपपर्यंत आला. पिशवी त्याने लहान मूल धरावं तशी छातीशी धरलेली. चालता चालता त्याने विचारलं,

"अरविंदराव, तुम्ही त्यातले म्हणून विचारतो. या पेट्या किती वर्षं टिकतील?"

किती सरळ प्रश्न. उत्तर मला आठच दिवसांपूर्वी मिळालं होतं.

मी म्हटलं, "तुझ्या-माझ्या जन्माला पुरतील. फक्त सारख्या उघडू नकोस. हवा लागू द्यायची नाही."

हे दुसरं वाक्य कुठून आलं? ते मला कुणी विचारलं नव्हतं. पेट्या उघडल्या असत्या तर त्याला वेळेत दिसलं असतं ना. मी काय बोलतोय ते बोलताना मला नीट कळत होतं. तो म्हणाला, बरं झालं विचारलं. आणि बस आली.

वसंत टिटवाळ्याला राहायचा, नव्या इमारतीत तळमजल्यावर. त्याने पेट्या कपाटात ठेवल्या आणि माझा शब्द पाळला. एकदाही उघडल्या नाहीत. मीना-सुनंदाच्या गप्पांतून मला ते कळायचं. सुनंदा हसून सांगायची, आमच्याकडे देवाला रोज हात लागतो, पण त्या पेट्यांना नाही. मीही हसायचो. दर उन्हाळ्यात घामाने अंग भिजलं की मला त्या कपाटाची आठवण यायची. आता सुरुवात झाली असेल, असं वाटायचं. खाली वाकून नाणी बघणारी ती दोन डोकी आठवायची — आणि बरं वाटायचं. हो, बरं वाटायचं. दुसरा शब्द शोधून बघितला, पण शब्द तोच आहे.

पाच वर्षांनी अण्णांची पंचाहत्तरी आली. घरातलीच माणसं, वर्तकनगरलाच. औक्षण झालं, आणि अण्णांनी वसंतला सांगून ठेवलं होतं की त्या दिवशी नाणी आण, नातवंडांना दाखवू. वसंतने पेट्या सतरंजीवर मांडल्या. पहिली पेटी अण्णांनी स्वतः उघडली.

आधी वास आला. कुबट, तेलकट. आतली पानं पिवळी पडून एकमेकांना चिकटलेली. कप्प्यांत हिरवट चिकट थर, आणि त्याखाली नाणी — अक्षरं खाल्लेली, कडांना खड्डे पडलेले. अण्णांनी एक नाणं सोडवलं तर बोटाला हिरवं लागलं. ती वसंतच्या आजीची शिवराई होती. त्यांनी दुसरी पेटी उघडली. तिसरी. वसंत अंग चोरून उभा होता.

अण्णांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

"अरविंदराव, तुम्ही या धंद्यातले. हे पेटीमुळे झालं का ओलीमुळे?"

आता बघा. तिथे मला कुणी ढकललं नव्हतं. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? माझ्या पेट्या वाईट निघाल्या, एवढंच. ठाऊक असून गप्प बसलो हे कुणालाच कळणार नव्हतं. मी माझी चूक कबूल केली असती तरी माझी कातडी वाचत होती. तरीसुद्धा मी वसंतकडे बघितलं, आणि म्हणालो,

"ओल, अण्णा. तळमजल्याचं घर आहे ना."

वसंतने वाद घातला नाही. तो एवढंच म्हणाला, "भिंतीला ओल येते खरी पावसाळ्यात." बिचारा. स्वतःच्या विरुद्ध साक्ष देऊन मोकळा झाला.

अण्णा रागावले नाहीत. पेट्या एकावर एक रचल्या, त्याच्याकडे सरकवल्या आणि म्हणाले, "ठेवा हे, वसंतराव."

ठेवा. वसंतराव.

सुनंदाने चमकून बघितलं. वसंतची मान खाली गेली. मला मात्र — काय सांगू — आत काहीतरी सैल झालं. आता आम्ही दोघं सारखे झालो, असं वाटलं मला. दोघांनाही खुर्ची.

त्यानंतर अण्णा तीन वर्षं जगले. वसंत दर रविवारी जायचा. अण्णा त्याला चहा विचारायचे, शाळेचं विचारायचे, भिंग बाहेर काढायचे नाहीत. त्याने घराच्या भिंती खरवडून दोनदा प्लास्टर करून घेतलं. ते सांगायला तो अण्णांकडे गेला होता. अण्णा म्हणाले, छान केलंत. शेवटच्या आजारात रात्रंदिवस तोच दवाखान्यात होता, मी संध्याकाळी जाऊन यायचो. मीनाने मला एकदा विचारलं, अण्णा वसंतशी एवढे परके का वागतात हो, नाण्यांपायी? मी म्हटलं, म्हातारपण असतं. त्या तीन वर्षांत मला सांगायची संधी मिळाली नाही असं कोण म्हणेल? रोज मिळत होती. अण्णा गेल्यावर आपोआप मिळायची थांबली.

माझे वडील मी लहान असताना गेले, वगैरे सांगता येईल. ते खरंही आहे. पण बस स्टॉपवर बोललो तो मी होतो, लहान मुलगा नव्हतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी वसंतच्या मुलीचा साखरपुडा कल्याणला झाला. पंगतीत मी, वसंत आणि मुलाचे वडील शेजारी शेजारी बसलेलो. बोलता बोलता छंदांचा विषय निघाला. वसंत त्यांना सांगायला लागला — सासऱ्यांनी विश्वासाने नाणी दिली होती, आयुष्यभर जमवलेली, माझ्या हलगर्जीपणाने गेली सगळी, ओल लागली. सांगताना त्याचा आवाज अजूनही खाली यायचा.

मी म्हटलं, "जाऊ दे रे वसंत. माणसाच्या हातून होतं."

त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला. व्याह्यांना म्हणाला, "सगळे माझ्यावर नाराज होते तेव्हा. या अरविंदरावांनी मात्र मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही."

व्याह्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. मीही जोडले.