काकू बसल्याशिवाय पास नाही

तात्यांनी मारलेली गाठ सोडवायला कात्री लागायची. तरुणपणी पिंपळगावकडे द्राक्षबागांचे मांडव उभारताना तारा ताणून ताणून त्यांच्या हाताला तीच सवय लागली होती. "सैल काम म्हणजे रडकं काम," म्हणायचे.

गळ्यात तुळशीची माळ, मासळीचं नाव काढलं तरी कानाला हात. आणि हाच माणूस अंबडच्या आपल्या शेडमध्ये एका प्रश्नाने झपाटला होता. समुद्रात मासे वाढवायच्या पिंजऱ्याचं जाळं तरंगत्या कड्याला बांधायचं कशाने? जाळं मध्ये फाटत नाही. जिथे बांधलंय तिथेच फाटतं. मी तिथे चाचण्यांच्या नोंदी लिहीत असे.

चाचणी म्हणजे छताच्या तुळईला टांगलेला जाळ्याचा झोका. जाळं अडकवायचा नवा आकडा तयार झाला की झोका त्यावर टांगायचा, त्यात आधी वाळूची पोती, मग आम्ही एकेक जण. तात्या मला म्हणायचे, "ताई, वही घेऊनच बसा. तेवढंच वजन वाढेल." शेवटी तात्यांचा डबा घेऊन घरून आलेल्या त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, हातात चहाची कपबशी. काकू बसल्याशिवाय पास नाही, हा नियम. तात्या झोका द्यायचे, काकू वरच्या वर चहा प्यायच्या आणि लेथवरची माणसं काम थांबवून हसत राहायची.

एकदा पोलादी आकडा काडकन तुटला. काकू थेट पोत्यांवर. बशीचे तुकडे झाले, कप मात्र हातात शाबूत. उरलेला घोट संपवून त्या म्हणाल्या, "पस्तीस वर्षं सांगतेय, जरा ढील द्या. तुम्ही लावलेलं डब्याचं झाकण तरी निघतं का? आता मी नाही बसायची."

त्याच आठवड्यात कोकणातून पिंजऱ्याच्या मालकाचा फोन आला. आधी पाठवलेले तसलेच आकडे लाटांच्या हिसक्यांनी तुटले होते, जाळं उसवून आतले जिताडे मासे पळाले होते. "तात्या, अजून एक पावसाळा बघतो. पुन्हा फाटलं तर मी हा धंदाच सोडणार."

तात्यांनी फोन ठेवून माळ चाचपली. "सुटले बिचारे," म्हणाले आणि पोलाद बाजूला सारून रुंद पट्टा कापायला घेतला. पट्ट्याच्या मध्ये जाड रबराचा तुकडा. हिसका बसला की तो ताणणार, मग परत जागेवर येणार. काकूंची ढील त्यांनी अशी मान्य केली. पोती झाली, आम्ही झालो. काकू मात्र झोक्यात बसायला तयार होईनात. नवे पट्टे समुद्रावर गेले तेव्हा माझ्या वहीत काकूंचा रकाना तात्यांनी रिकामाच ठेवायला लावला.

पावसाळ्याच्या तोंडावर तात्या गेले. झोपेतच.

दसऱ्यानंतर मालकाचा फोन आला. सगळा पावसाळा काढून जाळ्याचा एक दोराही उसवला नव्हता. मी घरी जाऊन काकूंना सांगितलं. त्यांनी चहा टाकला, थर्मासात भरला, कपबशी पिशवीत घातली आणि माझ्याबरोबर शेडवर आल्या.

झोक्यात बसून त्यांनी कप भरून घेतला. "द्या ढकलून. जोरात."

झोका पार वर गेला. रबर ताणलं, परत आलं. चहा हिंदकळून माझ्या वहीवर सांडला. काकू हसत होत्या, पदराने डोळे पुसत होत्या, पुन्हा हसत होत्या.

"लिहा, ताई," त्या वरूनच म्हणाल्या. "पास."