रेड्यासाठी कोपरा

आमच्या दुकानात त्यांना सगळे कानसेन म्हणत. स्पीकर विकण्यात पंचवीस वर्षं गेलेली, आणि स्वतःच्या कानांचा भलताच अभिमान. मी शेजारच्या काउंटरवर पंखे विकतो, त्यामुळे त्यांच्या बढाया फुकटात ऐकायला मिळत.

एक सबवूफर, म्हणजे गाण्यातला खर्जाचा ठेका घुमवणारा स्पीकर, आठ महिने दुकानात ठाण मांडून होता. काळा, अवजड, आम्ही त्याला रेडा म्हणायचो. "या महिन्यात रेडा दाराबाहेर गेला नाही तर मला कानसेन म्हणू नका," असं ते सगळ्यांदेखत बोलून बसले.

त्याच आठवड्यात शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. नवऱ्याचे कान छापखान्याच्या धडधडीत गेलेले. गाण्यातला ठेका तरी जमिनीतून त्याच्या हाताला कळावा, एवढंच त्यांना हवं होतं. खोली दहा बाय दहाची. तिथे सबवूफरचा लहान डबा पुरतो, मोठा नुसता घुमतो, हे कानसेनांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी रेडा गळ्यात मारला.

चार दिवसांनी बाईंचा फोन आला, नुसतीच घरघर होते म्हणून. कानसेन मला घेऊन गेले. अशा वेळी एक रीत असते. सबवूफर ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण भिंतीच्या कडेनं रांगायचं. जिथे ठेका स्वच्छ लागेल तिथे तो मांडायचा. कानसेन रांगले. चारही कोपऱ्यांत घरघर. नवरा जमिनीला तळवा टेकून वाट बघत बसला होता.

"तुमचे गुडघे दुखतील, दादा," म्हणत बाई स्वतःच रांगू लागल्या. शिलाई मशीनखालून म्हणाल्या, "आमचंच घर लहान पडतंय हो. तुम्हाला उगाच त्रास."

कानसेनांची मान खाली गेली. पण रेडाच या खोलीला मोठा आहे, हे काही त्यांनी कबूल केलं नाही. मलाही लाज वाटली, आणि मी उगाच शिलाई मशीन बाजूला सरकवू लागलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेडा परत आणला आणि लहान डबा बसवून दिला. रेड्यात बिघाड होता, असं सांगून टाकलं. नवऱ्याची बोटं लगेच जमिनीवर ताल धरू लागली म्हणे.

आता बाई ओळखीच्यांना आमच्याकडे धाडतात. परवा एक गृहस्थ विचारत आले, "स्वतःची चूक नसताना घरी येऊन रांगणारा तो सरळ माणूस कोण?"

कानसेन आतल्या खोलीत रेड्यावरची धूळ पुसत होते. त्यांनी ऐकलं, पण बाहेर आले नाहीत. त्या गृहस्थांना मी सांगितलं, आज ते रजेवर आहेत.